१९५७ ची उघड्या टपाची शेवरले: काच दोनदा मोडली, रंगाला भुकटी बसली आणि बायको म्हणते ही टॅक्सी आहे

धोटेवाला, सोलापूर

मंडळी, नमस्कार. लांबण लागणार आहे, चहा घेऊन बसा.

मी पॉवरलूमचा फिटर. अक्कलकोट रोडला एमआयडीसीत टॉवेलच्या मागांची दुरुस्ती करतो, सोळा वर्षं झाली. दिवसभर धोटा, पिकर, फणी. रात्री जेवण झालं की गच्चीवरच्या पत्र्याच्या खोलीत माझ्या छोट्या मॉडेल गाड्या. आत्तापर्यंत दोन झाल्या, दोन्ही प्रीमियर पद्मिनी, मुंबईत टॅक्सी म्हणून धावायची ती, एक काळी-पिवळी आणि एक बदामी. बऱ्या जमल्या होत्या. मग अंगात आलं आणि १९५७ ची शेवरले बेल एअर हाती घेतली. कन्व्हर्टिबल, म्हणजे उघड्या टपाची, १:२४ च्या मापात, खरीच्या चोविसाव्या हिश्श्याएवढी. लहानपणी वडिलांनी गड्ड्याच्या जत्रेत पत्र्याची एक चावीची गाडी घेऊन दिली होती, निळी, मागं दोन पंख असलेली. चावी होम मैदानावरून घरी येईपर्यंतच चालली, पंख मात्र डोक्यात राहिले.

किट का नाही आणलं, असं कुणीतरी विचारणारच. एक तर बाहेरून मागवलं की खोक्याच्या बरोबरीनं टपाल आणि ड्युटी. दुसरं म्हणजे दुसऱ्यानं केलेले पार्ट जोडणं हे मी दिवसभर पगारासाठी करतो, रात्री पुन्हा तेच कशाला?

तर बॉडी शिवणीच्या लाकडाची, आतून कोरून भिंती तीन मिलिमीटरवर आणल्यात. बंपर, काचेची चौकट, हँडलं पितळेची, डाग देऊन जोडलेली. टायर रबरी रोलरच्या तुकड्याचे, लेथवर फिरवून. कन्व्हर्टिबलचा नीट आराखडा मिळाला नाही, चार दारांच्या सेदानचा मिळाला. म्हटलं, टप उडवायचा, मागची दोन दारं बुजवायची, बाकी गाडी तीच असणार. लांबी २११.५ मिलिमीटर, रुंदी ७८, पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर १२१.५. मूळ गाडी २०० इंच लांब आणि चाकांमधलं अंतर ११५ इंच, म्हणजे भागाकार बरोबर आहे.

आता रडगाणं. काचेची चौकट दोन वेळा तुटली, दोन्ही वेळा खालच्या सांध्यात, आणि दोन्ही वेळा गाडी नुसती उचलताना. आपटली नाही, पडली नाही. पद्मिनीला असलं कधी झालं नाही.

रंगाचं तर बोलायलाच नको. ऑटो पेंटच्या दुकानातून एनसी (नायट्रोसेल्युलोज) रंग करून आणला, त्या वर्षीच्या शेवरलेच्या ट्रॉपिकल टर्क्वॉइजच्या जवळ जाणारा. बाजूच्या निमुळत्या पट्ट्याला इंडिया आयव्हरी मारला. शेवरलेच्या यादीत ह्या नावाचा रंग आहे हे वाचून इतका आनंद झाला की कुठंतरी लावायचाच होता. कॉम्प्रेसर मित्राचा, तो फक्त रविवारी दुपारी मोकळा. एप्रिलचा रविवार, पत्र्याखाली दोन वाजता मारला. संध्याकाळी हात फिरवला तर बाजरीच्या पिठावरून फिरवल्यासारखा.

तिसरी गोष्ट सगळ्यात वाईट, कारण ती मला नीट सांगता पण येत नाही. गाडी समोर ठेवली की ती बेल एअर वाटत नाही. मापं जुळतात, पंख आहेत, बंपरवरच्या गोळ्या आहेत, बॉनेटवरची दोन रॉकेटं आहेत. बायकोनं एकदाच बघितलं आणि म्हणाली, "परत टॅक्सीच केलास की." घरात आम्ही तेलुगू बोलतो, पण हे वाक्य ती मुद्दाम मराठीत बोलली. शेजारीण बसली होती.

बंपरचं दुःख वेगळंच. ते पुढं कधीतरी सांगतो.

डुकोमास्तर, सोलापूर

भाऊ, रंगाचं माझ्यावर सोडा. एकतीस वर्षं डेंटिंग-पेंटिंग करायलोय, सात रस्त्याजवळ गॅरेज आहे.

तुमच्या रंगाला काही झालेलं नाही, वेळेला झालंय. एप्रिलात दोन वाजता पत्र्याखाली गनमधून रंग निघतोय तो लाकडाला लागायच्या आधीच वाटेत वाळतोय. ओला थेंब पडला तर शेजारच्या थेंबात मिसळून सपाट होणार. कोरडा पडला तर मोहरीसारखा जागच्या जागी बसणार. ती भुकटी म्हणतात ती हीच. पहाटे साडेपाच ते सात, बास. उन्हाळ्यात मी मोठी गाडीसुद्धा सातनंतर मारत नाही. थिनर स्लो घ्या, सावकाश उडणारा, दुकानात मागितलं की देतात. गन जवळ आणा, चार बोटांवर, आणि हवा कमी करा. पावसाळ्यात उलटं होतंय, दमट हवेत एनसीवर दुधासारखी झाक चढते. आपल्याकडं तसले दिवस थोडे, त्यामुळं सोलापूर ह्या कामाला चांगलं गाव आहे, फक्त माणसानं पहाटे उठलं पाहिजे.

आत्ता आहे तो रंग खरवडू नका. हजार नंबरचा पाणीपेपर, पाण्यात साबणाचा एक थेंब, आणि बोटानं नको, मागं खोडरबराचा तुकडा धरून. बोटानं घासलं की बोटाच्या आकाराचे खड्डे पडतात, उजेडात तिरपं धरल्यावर दिसतात. कडांवर अजिबात दाबायचं नाही, तिथं रंग सगळ्यात पातळ असतो. तुमच्याकडं चार दिवसांनी नळ येत असेल तर बादली आधी भरून ठेवा, मधेच पाणी संपलं तर वाळकं घासायचा मोह होतो.

मुख्य गोष्ट पुढं आहे. मोठ्या गाडीवर दार आणि बॉडीच्या मधली फट असते चार-पाच मिलिमीटर. तुमच्या मापात ती किती झाली? ०.२. माझ्या हाताच्या सवयीनं तीन हात मारले तर ती फट बुजून जाणार आणि दार आहे का भिंत आहे कळणार नाही. म्हणून हात पातळ, दोन हातांच्या मधे दहा मिनिटं, आणि प्रत्येक हातानंतर फटीतून सुईचं टोक फिरवायचं.

अजून एक विचारतो. लाकूड किती दिवस वाळवलं? आणि लाकडाची छिद्रं बुजवणारा सीलर मारला का थेट अस्तर, म्हणजे प्रायमर? थेट अस्तर मारलं असेल तर आज गुळगुळीत दिसेल, पण मे उजाडला की लाकूड आकसून रंगाखालून रेषा वर येणार. आधी सँडिंग सीलरचे दोन हात, घासायचं, मग जिथं खड्डा असेल तिथंच लांबी (पुट्टी), मग अस्तर. लांबी सगळीकडं थापायची नसते. नव्या पोरांना हे शिकवायला मला वर्ष लागतं.

काळीपिवळी

पद्मिनी विकणार का? काळी-पिवळीच पाहिजे.

बाकी वहिनींना नमस्कार. एका वाक्यात निकाल.

फूटपट्टी, पुणे (मूळचा सोलापूर)

वहिनींचा निकाल शंभर टक्के बरोबर आहे आणि त्याचं कारण तुम्हीच प्रश्नात लिहिलंय: "बाकी गाडी तीच असणार." नाही. तीच नसते.

१९५५ ते १९५७ ह्या तीन वर्षांच्या शेवरलेत पुढच्या काचा दोन प्रकारच्या होत्या. सेदान आणि वॅगनची एक, उंच. हार्डटॉप (पक्क्या छपराची, पण मधल्या खांबाविना) आणि कन्व्हर्टिबलची दुसरी, बुटकी. तुम्ही कन्व्हर्टिबलच्या बॉडीवर सेदानची काच उभी केलीत. सेदानमध्ये ती उंची छप्पर सांभाळून घेतं. छप्पर काढलं की काच एकटीच ताठ उभी राहते आणि आत बसलेला माणूस भाड्याची वाट बघतोय असं वाटतं.

दारांचंही तेच. चार दारांच्या गाडीचं पुढचं दार आखूड असतं, कारण मागं अजून एक दार मावायचं असतं. दोन दारांच्या गाडीचं दार चांगलं लांब, पुढची सीट कलती करून मागं शिरता यावं म्हणून. तुम्ही मागची दारं बुजवलीत आणि पुढची तशीच ठेवलीत. गाडीच्या मधोमध जो मोठा रिकामा पत्रा दिसतोय तो त्यामुळे. आराखडा बाजूला ठेवा आणि मूळ कन्व्हर्टिबलचा अगदी बाजूनं घेतलेला फोटो मिळवा. चाकांमधलं अंतर १२१.७ येईल इतका मोठा करून छापा आणि त्यावरून दाराची रेघ आणि काचेची उंची उचला. फोटो थोडा जरी पुढून घेतलेला असेल तर पुढचं चाक मोठं दिसतं, दोन्ही चाकं आधी मोजा.

चौकट तुटते त्यालाही टपच जबाबदार आहे. छपरामुळे गाडीची पेटी होते, छप्पर काढलं की उरतो ट्रे. ट्रेची एक कड उचलून बघा, पिळवटतो. खऱ्या गाडीतही हाच घोळ होता, म्हणून कंपनीनं कन्व्हर्टिबलच्या चॅसीला मधे फुलीसारखी जाड कैची दिली होती, जी साध्या सेदानला नव्हती. तुम्ही तीन मिलिमीटरच्या भिंती धरून गाडी उचलता, भिंती आत दबतात, आणि सगळा ताण गाडीतल्या एकमेव उभ्या कडक वस्तूवर जातो. ती वस्तू म्हणजे काचेची चौकट. डाग कितीही चांगला द्या, तिसऱ्यांदाही तुटेल. खाली पितळेच्या चौकोनी पट्टीची फुली करून चारही टोकं बॉडीच्या आत घट्ट बसवा. चौकटीचे पाय नुसते वर चिकटवू नका, आठेक मिलिमीटर खाली लाकडात भोक पाडून उतरवा. आणि ती चौकट सगळ्यात शेवटी बसवा, माणसं कळस चढवतात तशी.

अजून थोडं, राग मानू नका.

बाजूचा निमुळता पट्टा इंडिया आयव्हरी नको. बेल एअरवर तिथं रंग नसतो, रेघांचा अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा असतो. रंग असतो तो खालच्या मॉडेलवर, टू-टेनवर. त्या एका पट्ट्यानं तुम्ही गाडीची पायरी उतरवलीत. समोरची जाळी बेल एअरला सोनेरी, बॉनेटवरचं व्ही हे अक्षर आठ सिलिंडरचं इंजिन असेल तरच, आणि तेही सोनेरी. चाकं त्या वर्षी १५ इंचांवरून १४ वर आली होती. रिंग १४.८ मिलिमीटरची हवी, तुमची फोटोत मोठी वाटते. उजव्या बाजूला पेट्रोलचं झाकण कोरलंय तेही बुजवा. १९५७ ला ते बाहेरून दिसतच नाही, डाव्या पंखाच्या मागच्या क्रोमच्या पट्टीआड लपवलेलं असतं. माझ्या मते त्या गाडीतली सगळ्यात लाडकी गोष्ट तीच.

चाकं विकत घ्यायचा विचार असेल तर खोक्यावरचं माप वाचा. अमेरिकन गाड्यांची किटं बहुतेक १:२५ ची असतात. २५ मध्ये ही गाडी २०३ मिलिमीटर, तुमची २११. चार टक्क्यांचा फरक कागदावर कमी वाटतो, पण कमानीत चाक बसलं की उपाशी दिसतं.

उसवण, जुळे सोलापूर

दादा, मला गाड्यांतलं काही कळत नाही. मी युनिफॉर्मच्या कारखान्यात कटिंग बघते. पण महालक्ष्म्यांच्या आराशीत छोटी घरं, सोफे, गाद्या गेली बारा वर्षं करतेय. तुमचे सगळे फोटो बघितले आणि एकच विचारायचं आहे: सीटचं काय?

तुम्ही काच, बंपर, रंग सगळं लिहिलंत, आणि आत लाकडाचे दोन ठोकळे आहेत लाल रंगाचे. पद्मिनीत चाललं असेल, काचेआड कोण बघतंय. ही गाडी म्हणजे पडदा नसलेली बैठकीची खोली. येणारा माणूस आधी आतच बघणार.

रेक्झिन आणू नका. आणलं असेल तर पर्सला वापरा. रेक्झिनवरचा दाणा माणसाच्या मापाचा आहे, तुमच्या सीटवर तो हत्तीच्या कातडीसारखा दिसेल. मी काय करते सांगते. सीटचा आकार लाकडाचाच ठेवा, पण कडा जास्त गोल करा, बसून बसून दबल्यासारख्या. उभ्या शिवणींच्या जागी धारदार पात्यानं हलक्या रेघा. त्यावर टिश्यू पेपरचा एक पदर, पाणी घातलेल्या फेव्हिकॉलनं, आणि तो ओला असतानाच बोथट सुईनं त्या रेघांत दाबत जायचं. वाळला की त्याला आपोआप गादीचा फुगवटा येतो. रंग हातानं द्या, चकाकी नको, अर्धी मॅट.

सीटच्या कडेची पायपिंग दोऱ्याची करू नका, म्हणजे अख्ख्या दोऱ्याची. शिलाईचा दोरा उलटा पिळला की त्याचे पदर सुटतात, त्यातला एकच घ्या. मेणावरून ओढा म्हणजे लव बसते. तुमच्या मापात अख्खा दोरा म्हणजे सीटला गुंडाळलेला सोल.

खाली पाडलेल्या टपाची गुंडाळी असते ना मागच्या सीटच्या पाठीमागं, तिच्यावर कव्हर असतं बटणांचं. त्याला दवाखान्यातली कागदी चिकटपट्टी लावा, जखमेवर लावतात ती पांढरी. तिचं पोत बघा भिंगातून, अगदी ताणलेल्या कापडासारखं. खाली कापसाचा पातळ थर द्या आणि मधे जरा उतरती ठेवा, कापड कधी सगळीकडं सारखं फुगत नाही. बटणं म्हणजे टाचणीची डोकी नव्हेत, ती फार मोठी होतील. फेव्हिकॉलचे थेंब सुईच्या टोकानं, वाळल्यावर चंदेरी.

आणि गालिच्याला बाजारात जायची गरजच नाही. तुमच्या मागांखाली जी लव साठते ती दुसऱ्या गावाच्या माणसाला पैसे देऊनही मिळायची नाही. लाल टॉवेल चालू असेल त्या दिवशीची लाल लव घ्या, कात्रीनं आणखी बारीक करा, चहाच्या गाळणीतून चाळा. फरशीवर लवीच्याच रंगाचा गोंद लावून वरून गाळणी हलवायची आणि वाळल्यावर उलटी करून झटकायची. पांढऱ्या गोंदावर चाळलीत तर खालून पांढरं डोकावतं, ही चूक मी मोठ्या हौसेनं एका महालक्ष्मीच्या पाटाखाली केलेली आहे.

धोटेवाला, सोलापूर

काल रात्री दोन वाजेपर्यंत जागा होतो. फूटपट्टी साहेब, तुम्ही म्हणालात तसा फोटो छापला, पट्टी ठेवली. माझी काच दीड मिलिमीटरनं उंच आहे. दीड! मागाच्या फणीत दीड मिलिमीटर कुणी सोडलं तर मी त्याला मुकादमासमोर उभा करीन, आणि इथं स्वतः सहा महिने त्याच्याकडं बघत बसलो. दार तर अकरा मिलिमीटर आखूड निघालं. बायकोला सांगितलं. ती म्हणाली, मग मी काय म्हणत होते.

उसवणताई, दुपारी दोन नंबरच्या शेडमध्ये मागाखाली वाकून लव गोळा करत होतो. मालकानं बघितलं. काय हरवलं, विचारलं. गाडीत गालिचा घालायचाय म्हटलं. त्यांना वाटलं मी फोर व्हीलर घेतली. आता सगळी शेड पेढे मागतेय.

रेघांच्या पत्र्याचं मी एक करून बघितलं. घरातली अ‍ॅल्युमिनियमची फॉइल आटे पाडायच्या बारीक टॅपवर ठेवली आणि वरून खोडरबरानं दाबत लोळवली. रेघा अगदी सुबक उमटल्या. आधी फणीवर दाबून बघितली होती, ती फार जाड आली, कौलं बसवल्यासारखी. फॉइल चिकटवायला मात्र काही जमेना, गोंदाच्या गाठी वर दिसतात. कुणी सांगेल?

आता बंपरचं. पुढचा बंपर मी नऊ तुकड्यांचा केला होता, मधल्या खाचा कानसून, गोळ्या लेथवर. तीन आठवड्यांचं काम. प्लेटिंगला दिला. (कुठं ते लिहीत नाही, माणूस वाईट नाही.) आणायला गेलो तर काचेसारखा लखलखीत, आणि साबणाच्या वडीसारखा गुळगुळीत. खाचा गायब, कडा गायब. प्लेटिंगच्या आधी त्यांनी त्यांच्या पद्धतीनं बफवर धरला होता. त्यांना रोज भांडी येतात, भांड्याला कडा कशाला पाहिजेत. मी पैसे दिले आणि बाहेर येऊन स्कूटरवर पाच मिनिटं नुसता बसलो.

डुकोमास्तर, सोलापूर

बफवाल्याकडं बारीक वस्तू द्यायचीच नाही भाऊ. घरीच घासायची, चारशे, आठशे, दोन हजार, मग मेटल पॉलिश लावून कापडानं. चकचकीत झाली की प्लेटिंगवाल्याला द्यायची आणि समोर उभं राहून सांगायचं, बफ नको, नुसतं निकेल चढव, पातळ. प्लेटिंग खड्डा भरत नाही आणि ओरखडा झाकत नाही, जे खाली आहे तेच वर दिसतं.

फॉइलला गोंद नको. वार्निशचा अगदी पातळ हात मारा, बोटाला चिकटेल पण ओढून येणार नाही इतका सुकू द्या, मग फॉइल टेकवा. आमचे जुने मास्तर दुकानांच्या पाट्यांवर सोनेरी वर्ख असाच लावायचे. रेघांवर नंतर जोर द्यायचा नाही, कापूस फिरवायचा.

आणि बॉनेटवरचं नाव, पंखावरची अक्षरं, ती रंगाच्या आधी. उठावाच्या अक्षरांवर आधी फॉइल बसवा, सगळ्यावरून रंग मारा, आणि रंग अर्धवट ओला असताना टूथपिकला थिनरचा ओलावा देऊन फक्त अक्षरांच्या डोक्यावरून फिरवा. रंग निघतो, खालून चांदी येते. नंतर ब्रशनं अक्षरं रंगवायला बसलात तर हात थरथरणार, माझा थरथरतो म्हणून सांगतो.

मिलचा भोंगा, सोलापूर

मी निवृत्त चित्रकला शिक्षक. मॉडेल कधी केलं नाही, पण दोन पद्मिनींनंतर शेवरले हे वाचून राहवलं नाही.

धोटेवाले, तुमच्या पद्मिनीचं आणि ह्या अमेरिकन गाड्यांचं नातं आपल्याच गावातून जातं. वालचंद हिराचंद जन्मानं सोलापूरचे, १८८२ चे. त्यांनी १९४४ ला प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली आणि कुर्ल्याच्या कारखान्यात आधी निघाल्या त्या फियाट नव्हेत, क्रायस्लरशी करार करून जोडलेल्या डॉज, डिसोटो आणि प्लिमथ. पद्मिनी फार नंतरची. शेवरले मात्र दुसऱ्या घरची. जनरल मोटर्स १९२८ पासून शिवडीला गाड्या जोडत होती आणि १९५४ ला त्यांनी ते काम आवरलं. म्हणजे तुमच्या १९५७ च्या गाडीला इथल्या जोडणीचा हात लागणं शक्यच नव्हतं. स्टिअरिंग डावीकडं ठेवलंत का, हे फोटोत दिसत नाही म्हणून विचारतो.

पुढची गाडी प्लिमथ करा असं सुचवेन. गाववाल्याचा मान म्हणून.

धोटेवाला, सोलापूर

सर, स्टिअरिंग उजवीकडं होतं. होतं म्हणतोय, कारण आज सकाळी उपटलं. पद्मिनीची सवय हाताला. म्हणजे डॅशबोर्डसुद्धा आरशात बघितल्यासारखा उलटा केलाय, घड्याळं सगळी उजवीकडं. तो नव्यानं करतो.

दाराची जुनी रेघ लांबीनं बुजवली, नवी पेन्सिलनं आखून ठेवली आहे. अजून कोरली नाही. चौकट नव्या उंचीची कापली, डाग देऊन झाला, पण फूटपट्टी साहेबांच्या सांगण्याप्रमाणं डबीत बंद, शेवटी लावणार. खालची फुली बसवली. आता गाडी एका कडेनं उचलली तरी कुरकुरत नाही. नुसती बॉडी, काच नाही, बंपर नाही, चाकं नाहीत, आणि तरी काल पहिल्यांदा ती लांब वाटली. बायको कपडे वाळत घालायला वर आली होती. बघितलं तिनं. काही बोलली नाही, पण परत खाली जाताना थांबून एकदा बघितलं.

काळीपिवळी, पद्मिनी विकायची नाही.

डुकोमास्तर, रविवारी पहाटे साडेपाचला तुमच्या गॅरेजवर येऊ का? मित्राचा कॉम्प्रेसर त्या वेळेला मिळत नाही. रंग आणि स्लो थिनर मी आणतो.

डुकोमास्तर, सोलापूर

या. पाचला या, साडेपाचला नको. शटर अर्धं वर असेल, वाकून आत या, कुत्रं काही करत नाही. रंग गाळायला जुनी नायलॉनची ओढणी आणा, गाळणीत राहतात कण. आणि ती लांबी नीट वाळली असेल तरच आणा, नखानं दाबून बघा.